यंत्र नंतर घ्या, आधी माणसं नेमा

डोळ्यांच्या आजारांवर संशोधन करणाऱ्यांसाठी सामाईक जीनोम प्रयोगशाळा, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए वाचण्याच्या सोयी, सरकारी पैशातून उभ्या कराव्यात का? माझं उत्तर 'हो' आहे आणि ते मी आढेवेढे न घेता देतो. पण आपल्याकडे अशा गोष्टींना ज्या रीतीने पैसे मिळतात त्याच रीतीने ते मिळणार असतील, तर न मिळालेले बरे. अनुदानाच्या अर्जात यंत्रसामग्रीचा रकाना वेगळा आणि मनुष्यबळाचा वेगळा. पहिल्या रकान्यात दोन-चार कोटी लिहिले तर समितीच्या कपाळावर आठी पडत नाही. दुसऱ्यात एका चांगल्या टेक्निशियनचा सात वर्षांचा पगार लिहिला, की 'हे पद कायम करावं लागेल का?' असा प्रश्न येतो आणि कात्री लागते. मग उद्घाटन यंत्राचं होतं, फोटो यंत्राचा छापून येतो आणि तीन वर्षांनी ते कोण चालवणार हे कुणालाच माहीत नसतं.

आधी डोळाच का, ते सांगतो. हृदय आहे, मूत्रपिंड आहे, कॅन्सर तर आहेच. पण आनुवंशिकीच्या संशोधकांना डोळा फळत आला आहे. १९९० मध्ये ऱ्होडॉप्सिन या जनुकातला एक बदल रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजाराचं कारण असल्याचं दिसलं. रात्री दिसेनासं होत नजर हळूहळू घालवणाऱ्या या आजाराला रुग्ण आणि डॉक्टर नुसतं 'आरपी' म्हणतात. आज दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या मागच्या पडद्याच्या, आनुवंशिक आजारांशी जोडलेली २७० हून अधिक जनुकं माहीत आहेत. डोळ्याच्या आत डॉक्टरला भिंगातून थेट पाहता येतं, औषध नेमक्या जागी सोडता येतं आणि एका डोळ्यावर उपचार केला तर तुलनेला दुसरा डोळा असतो. इतकी सोय बाकीच्या अवयवांत क्वचितच सापडते.

२००५ मधलं एक काम पाहा. उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग निकामी करणारा जो आजार आहे, ज्याला दवाखान्यात एएमडी म्हणतात, त्याचं जनुकीय मूळ शोधायला संशोधकांनी ९६ रुग्ण आणि ५० निरोगी माणसं घेतली, आणि जीनोममधल्या एक लाखाहून जास्त जागा तपासल्या. सीएफएच हे जनुक हाती लागलं. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेशी संबंधित असलेलं हे जनुक डोळ्याच्या आजारात निघेल अशी अपेक्षा फारशी कुणी केली नव्हती. संपूर्ण जीनोम चाळून आजाराचं जनुक शोधण्याच्या पद्धतीचं ते पहिल्या ठळक यशांपैकी एक. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती वेगळीच बाब. हे नमुने त्या अभ्यासासाठी गोळा केलेले नव्हतेच. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी एएमडी लांबणीवर पडतो का हे पाहण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने, म्हणजे एनईआयने, १९९० च्या दशकात जे लोक नोंदवले होते, त्यांचं रक्त कुणीतरी नीट नावनिशी लावून जपून ठेवलं होतं. जपून ठेवणाऱ्या त्या माणसाचा पगार कुठल्या रकान्यातून गेला असेल, हा मला पडणारा प्रश्न आहे.

आरपीई६५ या जनुकाची गोष्ट तर आता पाठ्यपुस्तकात गेली आहे. १९९३ मध्ये एनईआयमध्येच ते सापडलं, तेव्हा त्याचा उपचाराशी काही संबंध नव्हता; दृष्टिपटलामागच्या पेशींच्या थरात कोणती प्रथिनं असतात एवढाच प्रश्न होता. १९९७ मध्ये कळलं की हे जनुक बिघडलं तर मूल जवळजवळ आंधळं जन्माला येतं. २००७ च्या सुमारास लंडन आणि फिलाडेल्फियात पहिल्या रुग्णांच्या दृष्टिपटलाखाली निरोगी जनुक सोडलं गेलं. डिसेंबर २०१७ मध्ये लक्सटर्ना या नावाने त्या उपचाराला अमेरिकेत मंजुरी मिळाली. सापडण्यापासून मंजुरीपर्यंत चोवीस वर्षं गेली. आपले प्रकल्प तीन वर्षांचे असतात.

आता रुग्णाच्या बाजूने पाहू. आरपीचं निदान अनुभवी डॉक्टर दहा मिनिटांत करतो. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून आत पाहिलं की दृष्टिपटलाच्या कडेला काळे, फांद्या फुटल्यासारखे डाग दिसतात, रक्तवाहिन्या बारीक झालेल्या दिसतात. संध्याकाळ झाली की पोराला अंगणातली चप्पल सापडत नाही, ताटाच्या कडेचा पाण्याचा पेला हात लागून सांडतो, लोक म्हणतात धांदरट आहे. ही कहाणी आईने सांगितली की डॉक्टरला अर्धं कळलेलंच असतं. त्यानंतर वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकवलं गेलं : यावर इलाज नाही. ते वाक्य तेव्हा खरं होतं. आता ते अपुरं आहे, कारण इलाज आहे की नाही हे जनुक कोणतं यावर ठरतं, आणि भिंगातून डाग दिसतात, जनुक दिसत नाही. अगदी एकसारखे दिसणारे डाग डझनावारी वेगवेगळ्या जनुकांमुळे पडू शकतात. त्यात काही गाइरेट अ‍ॅट्रॉफी, रेफसम यांसारखे विरळा आजारही निघतात, ज्यांत आहार बदलून आणि काही वेळा साध्या जीवनसत्त्वाने झीज मंदावता येते. अशा एखाद्या मुलाला 'आरपी आहे, इलाज नाही' सांगून घरी पाठवणं ही चूक डॉक्टरची नव्हे. चाचणी त्याच्या हाताशी नाही, हे तिचं कारण.

आणि हा आपला प्रश्न आहे, युरोपातून आयात केलेला नव्हे. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात २००६ ते २००८ या काळात सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी हा अभ्यास झाला. तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे त्यात तपासले गेले आणि आरपीचं प्रमाण निघालं साधारण ७५० माणसांमागे एक. जगभरात सहसा ४,००० मागे एक असा आकडा सांगितला जातो. नागपूरच्या अभ्यासात प्रत्यक्ष रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे हा आकडा महाराष्ट्रभर ताणू नये, एवढं भान ठेवून बोलतो. पण दिशा आश्चर्याची नाही. जातीबाहेर लग्न न करण्याची शेकडो वर्षांची रीत आणि त्यात कित्येक समाजांत 'मामाची मुलगी हक्काची' ही समजूत. आई आणि बाप दोघांकडून एकच बिघडलेली प्रत मुलाकडे येण्याची शक्यता यातून वाढते, आणि दृष्टिपटलाचे बरेच आजार नेमके असेच, दोन्ही प्रती बिघडल्यावर उमटणारे आहेत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत जन्मजात काचबिंदूवर काम झालं तेव्हा सीवायपी१बी१ या जनुकातला एक ठरावीक बदल भारतीय कुटुंबांत पुन्हा पुन्हा आढळला. तो माहीत असला की नवीन बाळाची तपासणी किती सोपी होते! असे आणखी किती बदल मराठवाड्यात, खानदेशात, कोकणात दबून असतील, ते शोधल्याशिवाय कळायचं नाही.

यावर कुणी म्हणेल, जीनोमइंडिया प्रकल्प झाला की. झाला, आणि चांगला झाला. जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशातून वीस संस्थांनी मिळून दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झाली. पण ती सर्वसाधारण लोकसंख्येची माहिती आहे. एखाद्या रुग्णात सापडलेला बदल इथल्या लोकांत सर्रास असतो की दुर्मीळ, हे ठरवायला तिचा मोठा उपयोग. रुग्ण मात्र तिच्यात नाहीत. पंचांग हातात आलं, पत्रिका अजून मांडायच्या आहेत.

मग कुठल्याही मोठ्या जीनोम केंद्रात रुग्णांचे नमुने पाठवून द्यावेत, वेगळी डोळ्यांची सोय कशाला? हा प्रश्न मला सर्वांत रास्त वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

आरपीजीआर नावाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मामाला रात्री दिसत नव्हतं, आता भाच्याला दिसत नाही, मधली बहीण बऱ्यापैकी धडधाकट. असं घराणं दिसलं की आधी याच जनुकाचा संशय घ्यायचा. या जनुकात ओआरएफ१५ म्हणून एक पट्टा आहे, आणि बिघाडांचा मोठा वाटा त्याच पट्ट्यात असतो. पण तिथे डीएनएची दोनच अक्षरं, ए आणि जी, उलटसुलट इतक्या वेळा येतात की नेहमीच्या यंत्राला ती वाचताना ठिकाणच सापडत नाही. ही यंत्रं डीएनएचे शे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतात आणि नंतर संगणकावर ते जागच्या जागी लावतात. सगळे तुकडे सारखेच दिसत असतील तर कुठला कुठे लावायचा? यंत्र ती जागा मुकाट सोडून देतं, आणि अहवाल येतो : काही सापडलं नाही. ज्या माणसाला ओआरएफ१५ ची ही खोड माहीत आहे तो अहवाल बाजूला ठेवतो, तो पट्टा वेगळ्या पद्धतीने, लांब तुकडे वाचणाऱ्या यंत्रावर पुन्हा वाचून घेतो. ज्याला माहीत नाही तो अहवालावर सही करतो. एबीसीए४ या दुसऱ्या जनुकात काही बिघाड असे आड जागी बसलेले असतात की केवळ प्रथिनं घडवणारा भाग वाचणाऱ्या चाचणीत ते येतच नाहीत. रोज कॅन्सरचे नमुने पाहणाऱ्या केंद्राला हे सगळं ठाऊक असावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

रक्ताच्या नमुन्याचं एक वेळ भागेल, ऊतींचं त्याहून अवघड. आजाराचं जनुक सापडलं तरी ते नेमक्या कुठल्या पेशीत काम करतं हे पाहायला दृष्टिपटलच हवं. २०१५ मध्ये अमेरिकेत उंदराच्या दृष्टिपटलातल्या ४४,८०८ पेशी एकेक करून वाचल्या गेल्या आणि त्यांचे ३९ गट पडले. पण उंदराला माणसासारखा दृष्टिपटलाचा मध्यबिंदू, ज्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तो नसतोच. म्हणजे माणसाचाच डोळा हवा, आणि तोही वेळेत हवा. मृत्यूनंतर काही तासांतच पेशींमधला आरएनए, म्हणजे कुठलं जनुक चालू आहे हे सांगणारा रेणू, तुटू लागतो. आपल्याकडे नेत्रदानाचे डोळे सहा तासांच्या आत काढण्याची शिस्त आहे. त्यातलं पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, दुसऱ्याच्या डोळ्यात बसतं; बोलीत त्यालाच बुब्बुळ बसवणं म्हणतात. मागचं दृष्टिपटल बहुतेक वेळा वाया जातं, किंवा बऱ्याच ठिकाणी आता पूर्ण डोळा न काढता पारपटलच काढतात, त्यामुळे ते मिळतच नाही. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा आपण साजरा करतो. दात्याच्या घरच्यांना 'मागचा भाग संशोधनाला देता का?' असं समजावून विचारणारा, आणि हो म्हटल्यास तो डोळा बर्फात घालून त्याच रात्री टेबलावर घेणारा माणूस असेल तर या दानाला दुसरी बाजू मिळेल. रात्री अकरा वाजता प्रयोगशाळेत येणारा माणूस निविदेतून मिळत नाही.

आता पैशाकडे येतो. मोठा सिक्वेन्सर, म्हणजे डीएनए वाचणारं यंत्र, घ्यायचा तर कित्येक कोटी लागतात. घेतल्यावर दरवर्षी त्याच्या देखभालीचा करार, तो साधारण किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. यंत्रात घालायची काचेची पट्टी एकदाच वापरायची असते. ती पूर्ण भरा नाहीतर अर्धी, खर्च तोच. रीएजंट, म्हणजे लागणारी रसायनं, परदेशातून येतात, उणे वीस अंशांत राहतात आणि काही महिन्यांत त्यांची मुदत संपते. बारा नमुने हाताशी असलेल्या नव्या प्राध्यापकाने काय करावं? पट्टी भरायला आणखी चौऱ्याऐंशी जमेपर्यंत थांबावं? या गणितात सामाईक सोय अपरिहार्य आहे, आणि मराठी माणसाला ती समजावून सांगायला नको. दोन एकर ऊस असलेल्या शेतकऱ्याला स्वतःचा कारखाना काढता येत नाही आणि तोडलेला ऊस थांबतही नाही, म्हणून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या कारखान्यांचं पुढे काय झालं तेही आपण पाहिलं : जिथे ऊस आधी कुणाचा तोडायचा हे अध्यक्षांच्या मर्जीवर गेलं, तिथे सभासद नावापुरते उरले. सामाईक प्रयोगशाळेतही तेच होऊ शकतं. संचालकांच्या विद्यार्थ्यांचे नमुने सोमवारी लागतात, जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आलेली नळी फ्रीजमध्ये पडून राहते. क्रमवारी जाहीर हवी, वेबसाइटवर हवी, आणि ती ठरवणाऱ्या समितीत बाहेरच्या वापरकर्त्यांचं बहुमत हवं.

अमेरिकेत हे कसं चालतं, हे पाहण्यासारखं आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेली एनईआय पी-३० नावाचं एक अनुदान देते. साधारण पाच वर्षांचं. त्यात कुठलाही नवा शोध लावण्याचं वचन मागत नाहीत. ज्या विद्यापीठात दृष्टिसंशोधनाचे पुरेसे प्रकल्प आधीच चालू आहेत, त्यांना मिळून वापरता येतील अशा सोयी चालवायला हे पैसे असतात : एक विभाग सूक्ष्मदर्शकांचा, एक प्राण्यांचा, एक संख्याशास्त्राचा, एक जीनोमचा. पैसे मुख्यतः जातात ते तिथे काम करणाऱ्यांच्या पगारावर आणि यंत्रं चालू ठेवण्यावर. म्हणजे एखाद्या प्राध्यापकाचा प्रकल्प संपला, तरी आरएनए काढण्यात ज्याचा हात बसलेला आहे तो माणूस दुसऱ्या दिवशीही कामावर असतो. याशिवाय २००६ पासून त्यांनी आयजीन नावाचं जाळं उभं केलं. देशभरच्या डॉक्टरांनी रक्त पाठवायचं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळांनी तपासायचं, डीएनए एका ठिकाणी साठवायचा आणि रुग्णाला उत्तरही द्यायचं. सहा हजारांवर लोक त्यात नोंदले गेले.

ही व्यवस्था निर्दोष आहे असं मला म्हणायचं नाही. ज्यांच्याकडे आधीच प्रकल्प आहेत त्यांनाच सोय, म्हणजे ज्याच्या हाती ससा तो पारधी. लहान विद्यापीठं बाहेरच राहतात. शिवाय वरचा हात फिरला की खालचं सगळं हलतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने संशोधन अनुदानातला अप्रत्यक्ष खर्च १५ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. वीज, इमारत, सामाईक सोयी यांचा भार ज्यातून उचलला जातो तोच हा पैसा. न्यायालयाने ते रोखलं. त्याच वर्षी पुढच्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात एनईआयचं वेगळं अस्तित्व संपवून तिला मेंदूविषयक एका मोठ्या संस्थेत विलीन करण्याची कल्पना होती. जवळपास साठ वर्षांची घडी कागदावर एका ओळीत मोडता येते, हे आपणही लक्षात ठेवावं.

आपल्याकडे सामाईक उपकरणांची कल्पना नवी नाही. १९७० च्या दशकापासून विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी विभागीय उपकरण केंद्रं चालवली. आज त्यांना सैफ म्हणतात. नागपूरहून, गोव्याहून विद्यार्थी नमुने घेऊन पवईला जात आले आहेत. बेंगळुरूचं सी-कॅम्प हे जीवशास्त्राच्या सामाईक सोयींचं केंद्र आहे. देशातली उपकरणं ऑनलाइन आरक्षित करण्यासाठी आय-स्टेम हे पोर्टल आहे, २०२२ मध्ये उपकरणं वाटून वापरण्याची मार्गदर्शक तत्त्वंही निघाली. कागद उत्तम आहेत. पण त्याच २०२२ च्या जुलैमध्ये सरकारी संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर मिळणारी पाच टक्के जीएसटीची सवलत काढली गेली आणि बहुतेक उपकरणांवर अठरा टक्के लागू झाले. एका खिशातून द्यायचं आणि दुसऱ्या खिशात काढून घ्यायचं.

आणि चालवणाऱ्याचं काय? एका नावाजलेल्या संस्थेत, नाव घेत नाही, मी एक सिक्वेन्सर पाहिला होता. त्यावर शिवून घेतलेलं निळं कापड होतं, बाजूला सर्व्हिस इंजिनियरच्या शेवटच्या भेटीचा स्टिकर, आणि तो बराच जुना. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते मार्चअखेरीच्या घाईत आलं, वॉरंटी संपली, एएमसीला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराला, पैसे नव्हते, आणि ज्या मुलीला ते चालवता येत होतं ती प्रकल्प संपल्यावर सहा महिने 'एक्स्टेन्शन येईल' या आशेवर थांबून शेवटी एका कंपनीत गेली. तिच्या जागी कुणी नाही. संस्थेच्या वार्षिक अहवालातल्या सुविधांच्या यादीत यंत्र मात्र अजून आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की महाराष्ट्रात डोळ्यांसाठी सामाईक जीनोम केंद्र काढायचं तर पहिली दोन वर्षं मोठा सिक्वेन्सर घेऊच नये. साधं सरळ वाचन बाहेरून करून घ्यावं. देशात सरकारी केंद्रंही आहेत, खासगी कंपन्याही आहेत, आणि त्या ते काम स्वस्तात करतात. खासगीचा मला विटाळ नाही. आपल्या हातात जे ठेवायचं ते यंत्राच्या आधीचं आणि नंतरचं. आधीचं म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त तालुक्याहून खराब न होता आणणं, डीएनए काढणं, घराण्याचा तक्ता मांडणं, मराठीत लिहिलेलं संमतिपत्र वाचून दाखवणं, दात्याचं दृष्टिपटल वेळेत हाताळणं. नंतरचं म्हणजे आलेल्या माहितीचा अर्थ लावणं. खासगी अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा शेरा मारलेला बदल रुग्णाच्या फाइलमध्ये लॅमिनेट होऊन पडतो. दोन वर्षांनी तोच बदल जगात दुसऱ्या कुटुंबात सापडतो, त्याचा अर्थ निश्चित होतो, पण फाइल उघडून पुन्हा पाहायची जबाबदारी कुणाचीच नसते. जुनी माहिती ठरावीक काळाने पुन्हा चाळली की काही घरांना नव्याने उत्तरं मिळतात, आणि त्याला रक्ताचा थेंबही लागत नाही. लागतो तो पगारावर असलेला, जैवमाहितीशास्त्र जाणणारा आणि डोळाही जाणणारा माणूस. त्याच्या जोडीला एक जनुकीय समुपदेशक, ज्याला 'मामाच्या मुलीशी ठरलंय, काय करू?' या प्रश्नाला न रागावता उत्तर देता येईल.

यावरचा सर्वांत मोठा आक्षेप मोतीबिंदूचा. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा एकट्या मोतीबिंदूचा निघाला. वीस मिनिटांच्या शस्त्रक्रियेने ज्यांना दिसू लागेल ते लोक रांगेत असताना जनुकांवर पैसे? आक्षेप मला मान्य आहे, इतका की मोतीबिंदूच्या निधीतला एक रुपयाही इकडे वळवू नये असं मी म्हणेन. हा पैसा संशोधनाच्या खात्यातून यावा. त्यासाठीच तर २०२३ मध्ये कायदा करून अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान काढलं आणि पाच वर्षांत पन्नास हजार कोटींची भाषा केली. पण मोतीबिंदूचाच इतिहास दुसरंही सांगतो. डोळ्यात बसवायचं भिंग परदेशातून येत होतं तोवर गरिबाला जाड काचेचा चष्मा मिळत होता. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाच्या लोकांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंग स्वतः बनवायला घेतलं, किंमत आयातीच्या अगदी थोड्या हिश्शावर आली आणि ते भिंग गावोगावच्या शिबिरांत पोचलं. तंत्र आपल्या हातात असल्याशिवाय ते स्वस्त झालं नसतं.

लक्सटर्नाची किंमत अमेरिकेत दोन्ही डोळ्यांची मिळून साडेआठ लाख डॉलर होती. जनुक कळून उपयोग काय, इतके पैसे कुणाकडे आहेत, असं विचारणाऱ्याला मी मुंबईचं उदाहरण देतो. रक्ताच्या कॅन्सरवरची कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी इथे विकसित केली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली, आणि ती अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात उपलब्ध झाली. अजूनही महागच, पण अशक्य नाही. उद्या आरपीजीआरवरचा उपचार इथे बनला तर तो कुणाला द्यायचा, ही यादी त्या दिवशी करायला घेऊन चालणार नाही. दृष्टिपटलात पुरेशा जिवंत पेशी उरल्या असतील तरच हे उपचार लागू पडतात. यादीची तयारी होईपर्यंत आज दहा वर्षांचा असलेला मुलगा पंचवीसचा झालेला असेल, आणि त्याच्या पेशी संपलेल्या असतील.

महाराष्ट्राला यात शून्यातून सुरुवात करायची नाही. डिसेंबर २०२० मध्ये कोरोनाचे विषाणू वाचायला केंद्राने दहा प्रयोगशाळांचं इन्साकॉग जाळं उभं केलं, तेव्हा त्यात पुण्याची विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही आणि पेशींवर काम करणारी एनसीसीएस या दोन्ही संस्था होत्या. राज्यातल्या कामाचा समन्वय बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाकडे होता. नमुने जिल्ह्यांतून येत होते, शीतपेटीत येत होते, आणि उत्तर जात होतं. ते ज्यांनी केलं त्या तरुण मुलामुलींपैकी किती जण आज त्याच टेबलावर आहेत, हे विधिमंडळात कुणी तारांकित प्रश्न म्हणून विचारावं. जे उरले असतील त्यांच्यापासून सुरुवात करता येईल.

केंद्र कुठे व्हावं यावरून पुणे, मुंबई आणि नागपूर यांच्यात जुंपणार हे उघड आहे. पुण्याकडे प्रयोगशाळा आहेत, मुंबईकडे रुग्णालयं, नागपूरकडे ज्यांचे डोळे एकदा तपासून झाले आहेत अशी गावं. माझं मत पुण्याकडे झुकतं, पण ते बदलायला मी तयार आहे, एका अटीवर : जे शहर केंद्र मागेल त्याने इमारतीचा आराखडा आणू नये. पाच पदांची मंजुरी, त्यांचा दहा वर्षांचा पगार कुठल्या लेखाशीर्षातून येणार याचा कागद, आणि गडचिरोलीहून नमुना कोण, कोणत्या गाडीने आणणार याचं वेळापत्रक आणावं.